शकीका

"हलू नगं, न्हाईतर किल्ली डोळ्यात जाईल!" हज्जा सत्तूतानं सुनेच्या कपाळाला फडकं बांधलं, त्यात दाराची किल्ली अडकवली आन् दिला पीळ. कवटी तडकती का काय, असं फिकरियाला झालं.

"अम्मा, कपाळ न्हवं ओ, मान! डाक्तरीण म्हनली."

"डोकं दुखतंय आन् म्हनं मान! म्हशीचं पोट फुगलं तर शेपटीला औषध लावतीस व्हय?"

पण सकाळी डॉक्टरणीनं मानेतली एक गाठ अंगठ्यानं दाबली, तशी कळ कानामागून सरळ उजव्या डोळ्यात घुसली होती. दुखणं सापडलं म्हणून फिकरिया तिथंच रडली. डॉक्टरीण म्हणाली, "शकीका डोक्यातलीच, पण हे मानेचे स्नायू तिला चारापाणी घालतात. डोक्यावर ओझं बंद."

शकीका म्हणजे अर्धशिशी. पण सईद नावाच्या त्या मुलखात सख्ख्या बहिणीलाही शकीकाच म्हणतात. फिकरियानं तो शब्द सासूला सांगितला आन् घोळ झाला तो तिथं.

"शकीका म्हनली?" म्हातारीचे डोळे बारीक झाले. "मग नाव काय उगंच पडलंय? सख्ख्या भनीची नजर हाय ही! ती वहीबा येती, म्हशीची कास बघती, सुस्कारा टाकती. तिच्या दावणीला शेरडू बी न्हाई."

"अम्मा, म्हशीचं अर्धं बरसीम-गवत तीच वाहती!"

"म्हनूनच तुझ्या भाऱ्याला तिचा हात लागतो. उद्यापास्नं ती ह्या दारात दिसली, तर म्हस बाजारात. रागिबला सांगते मी. माझा ल्योक माझ्या शब्दाभायेर न्हाई."

म्हैस फिकरियाच्या माहेरची. तिच्या दुधावर पोरीची शाळा चाललेली.

दुसऱ्या दिवशी वाळूचा वारा सुटलेला. कालव्याकाठच्या काळ्या चिखलात फिकरियानं दोघी मिळून कापायच्या तेवढं बरसीम एकटीनं कापलं. एक लहान भारा कसाबसा काखोटीला मारून घरी टाकून आली. दुसरा मात्र उचलेना. डोक्यावरचा भारा चढवायला दुसरा माणूस लागतो. ती भाऱ्यापाशी बसून राहिली. अर्धं डोकं घणाखाली.

वाटेनं वहीबा आली. म्हातारीचं नजरेचं बोलणं तिच्या कानावर गेलेलं होतं. दहा पावलांवर थबकली आन् तिनं डोळे गच्च मिटले.

"वहीबे?"

"बघत न्हाई मी. ऊठ, भारा चढवते."

चाचपडत आली. एकदा चिखलात गुडघ्यावर पडली.

"डोळं उघड की गं! हितं कोन बघतंय?"

"नगं." वहीबाचा आवाज फाटला. "खरंच माझीच नजर असली तर?"

फिकरियाला बोलायचं होतं, मानेचं सगळं सांगायचं होतं. पण वहीबानं तोवर भारा छातीशी धरून वर रेटला होता. तो बरोब्बर डोक्यावर बसला. मानेत कट्कन झालं, कळ उजव्या डोळ्यात उतरली आन् सूर्याचे दोन सूर्य झाले.

"बसला का नीट?" वहीबानं मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"बसला," फिकरिया म्हणाली.