दुसरी चावी

धाकट्याने चावी हरवली यात नवल काहीच नव्हतं. चाळिशी उलटली, लोकांचे नळ दुरुस्त करता करता डोक्यावरचे निम्मे केस गेले, तरी ताईच्या लेखी तो अजून बाळ्याच होता. आणि बाळ्या वस्तू हरवतो, हे तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. नवल एवढंच, की या वेळी त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

चावी होती लाल पेटीची. ताई, तिचा नवरा आणि धाकटा, तिघांना आतषबाजीचे बाण घरी बनवायचा नाद. ताई शिवणकाम करायची. कागदाची नळी तिच्याइतकी घट्ट कुणी गुंडाळत नसे. भाऊजी दारू ठासायचे. धाकटा मैदानात बाण उभा करायचा आणि त्याला लाल पेटीच्या तारा जोडायचा; पेटीचं बटण दाबलं की लांबून बाण पेटायचा. एका वर्षी भाऊजी बाणावर वाकलेले असताना कुणाचा तरी धक्का लागून पेटीचं बटण दाबलं गेलं, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ताईने घरात काडेपेटीसुद्धा ठेवली नाही. मग एकदा जेवताना तीच म्हणाली, "करायचंच असेल तर माझ्या नियमाने करा."

नियम सोपा होता. पेटीला चावी एकच. बाणाजवळ जाणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने काढायची, खिशात घालायची आणि ओरडून सांगायचं. चावी निघाली की पेटी मेली. मग बटण कितीही दाबा, तारेत जीव यायचा नाही.

ती एकुलती एक चावी धाकट्याने हरवली. ताईसमोर उभं राहायची छाती झाली नाही, म्हणून सरळ चावीवाल्याकडे जाऊन पेटीवरून नवी करून घेतली. नंतर जुनी सापडली, वॉशिंग मशीनच्या रबराच्या घडीत. त्याने ती गुपचूप पेटीला लावून टाकली. नवी कामाच्या पँटच्या खिशात राहिली. फेकू, फेकू म्हणत राहिलीच.

आज संध्याकाळी त्याने तीच पँट घातली होती.

बाण यंदाचा सगळ्यात उंच होता, धाकट्याच्या छातीला लागेल एवढा. तिघं वाळूच्या पोत्यांमागे बसले. ताईने हात वर केला, म्हणजे दाबा, आणि भाऊजींनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. बाण आपला ढिम्म.

"थांबायचं," ताई म्हणाली. "कुणी जागचं हलायचं नाही."

न उडालेल्या बाणाजवळ लगेच जायचं नाही, हाही तिचाच कायदा. थर्मासमधला चहा झाला, बाणाला शिव्या घालून झाल्या. ठरलेली वेळ झाली तसा धाकटा उठला आणि सवयीने त्याने खिसा चाचपला. चावी होती. म्हणजे मघाशीच काढली वाटतं, असं मनाशी म्हणत तो ओरडला, "चावी माझ्याकडे!"

"ऐकलं!" भाऊजी म्हणाले.

पेटीला चावी लागायची ती मागच्या बाजूने, आणि धूळ जाऊ नये म्हणून ताईने तिथे जाड कापडाची झडप शिवलेली होती. ती उचलून बघायचं कुणाला कारण नव्हतं.

धाकटा बाणापाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. बाणाच्या बुडाशी तारांचे दोन चिमटे लावलेले होते, धुराने काळे पडलेले. तो नेहमी चावीच्या दात्यांनी ते खरवडायचा. चावी बाहेर काढली, चिमट्याला लावली, आणि त्याचा हात तिथेच थिजला.

चावी पिवळीधमक होती. कोरी करकरीत.

मग जुनी कुठे आहे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. जुनी पेटीत होती. पेटी जिवंत होती. 

आणि याहून वाईट गोष्ट त्याला मग आठवली. चावी निघाल्याची हाक ऐकली की भाऊजी बटण तपासायचे. अडकतंय का बघायला दाबून दाबून पाहायचे. पेटी मेलेली असते, तेव्हा बिनधास्त दाबा, हे त्यांना शिकवलं होतं खुद्द धाकट्यानेच.

त्याने मान वळवली. पोत्यांवरून भाऊजींचं डोकं दिसत होतं. ते शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होते. चष्मा पुसल्याशिवाय त्या माणसाने आयुष्यात कुठलं काम केलं नव्हतं, आणि या सवयीवरून धाकट्याने त्यांची आजवर भरपूर टिंगल केली होती. पुसा, भाऊजी. सावकाश पुसा.

ओरडावं तर वारा तिकडून इकडे. हात हलवावा, तर वर गेलेल्या हाताचा अर्थ एकच. पळावं, तर तेवढा वेळ आहे कुठे? त्याने चिमटा धरला. स्प्रिंग गंजलेली, बोटं घामाने निसरडी. रोज जाम झालेले नळ उघडणाऱ्या त्या बोटांना एक चिमटा सुटेना. आई गं, असं त्याच्या तोंडून निघालं. आईला जाऊन किती वर्षं झाली होती.

भाऊजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

धाकट्याने चिमटा पिरगाळून ओढला. तो सुटला तसा दुसराही ओरबाडून काढला, दोन्ही लांब भिरकावले आणि तोंड मातीत खुपसून तो आडवा झाला. चिमटे गवतात एकमेकांवर पडले होते. त्यांच्यामध्ये एक बारीक निळी ठिणगी उडाली. विझली. पुन्हा उडाली. मग आणखी एकदा.

तो बराच वेळ उठला नाही. मग परत आला तो निम्मा रांगतच.

"काय रे, पडलास की काय?" भाऊजी हसत म्हणाले. "बटण एकदम ठीक आहे बघ."

 धाकट्याने पेटीमागची झडप उचलली, जुनी चावी काढली आणि नवीच्या शेजारी तळहातावर धरली. "हरवली होती, ताई," तो म्हणाला. "तू ओरडशील म्हणून..." 

ताई ओरडली नाही. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. तिने त्याचा मातीने भरलेला हात ओढून घेतला आणि त्याची बोटं एकेक करून चाचपू लागली. झाली तरी पुन्हा पहिल्यापासून.

भाऊजींचा अंगठा अजून बटणावरच होता. तो त्यांनी हळूच उचलला आणि हात मागे, पाठीशी नेला.

"मी दाबलं रे, बाळ्या," ते म्हणाले. "तू तिथे असताना मी दाबलं."