लालजींच्या लोण्याशेजारी

दुपारचा राजभोगाचा नैवेद्य झाला, लालजींना, घरच्या बाळकृष्णाला, निजवलं आणि जिगीषाने फ्रिज उघडला. वरचा कप्पा लालजींचा. तिथे दुसरं कुणी हात घालत नसे, म्हणूनच लोण्याच्या वाटीमागे तिने मूल व्हावं म्हणून घ्यायच्या इंजेक्शनांचा डबा ठेवला होता. वाटी होती, डबा नव्हता.

"बा, माझा डबा?"

सासूबाई, मंजरीबा, अजून सोवळ्यातच होत्या. खाली बघत म्हणाल्या, "पाणियाऱ्यावर ठेवलाय. माठाच्या आडोशाला, ओलं फडकं गुंडाळून."

बाहेर नडियादचं वैशाखातलं ऊन अंगणातल्या फरशा भाजत होतं. औषध तापलं की गेलं, आणि औषध गेलं की या खेपेची सगळी मेहनत गेली. जिगीषा धावली. फडकं सोडून तिने डबा गालाला लावला. अजून गार होता. ती तशीच, डबा छातीशी धरून, आत आली.

हिंडोळ्यावर सासऱ्यांची थोरली बहीण, इंदिराफोई, सुपारी कातरत बसली होती.

"मीच काढायला लावला," फोई म्हणाली. "माझ्या नातीने फोनवर वाचून दाखवलं. बायकांच्या लघवीतून काढतात म्हणे ते! पाळी गेलेल्या बायकांच्या! आणि ते तू ठाकोरजींच्या लोण्याला चिकटवून ठेवतेस, वहू?"

"खरं आहे, फोई."

फोईचा अडकित्ता थांबला. "म्हणजे ठाऊक होतं तुला?"

"पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यातून हवं तेवढंच काढतात, शुद्ध करतात."

"शुद्ध म्हणे! मंजरी, अगं बघतेस काय? फ्रिज धुऊन काढ आणि गोमूत्र शिंपड आत."

जिगीषाला हसूच आलं. "गाईचं चालतं फोई, आणि बाईचं विटाळतं?"

"जीभ बघा कशी चालते! तेवढीच चालते हिची. बाकी सगळं बंद."

जेवायला खाली उतरणारा तिचा नवरा भार्गव जिन्यातच थबकला. असली बोलणी त्याने आजवर जिन्यातूनच ऐकली होती. 'घरात माझं नाव काढू नकोस' असं त्यानेच तिला विनवलं होतं, आणि तिने ते व्रतासारखं पाळलं होतं. आज तिने डबा हिंडोळ्याच्या फळीवर ठेवला, फोईच्या मांडीला लागून. कुपीतली भुकटी विरघळवली, सुई भरली आणि त्याच्यापुढे धरली.

"आज तुमची आहे. खोलीत दार लावून नाही. इथे."

"जिगीषा..."

"इथेच. नाहीतर मी यापुढे कुणाचंच टोचून घेणार नाही. सुईही नाही, बोलणंही नाही."

भार्गवने आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग सदरा वर केला, पोटाची चिमूट धरली आणि सुई टोचली. त्याचे कान लाल झाले होते.

"फोई, यातल्या अर्ध्या कुप्या माझ्या आहेत," तो म्हणाला.

"अरे, पुरुषाला कशाला बायकांचं औषध?"

"पुरुषालाही लागतं. मला लागतं."

फोईच्या हातातली सुपारी घरंगळून हिंडोळ्याखाली गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

जिगीषा सासूकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. तो कधी चढतच नसे. "बा, रोज पहाटे लालजींना मी उठवते. दूध मी पाजते. उकडतं म्हणून पंखा मी घालते. माझ्या मांडीवर मूल नाही म्हणून त्यांनी माझ्या हातचा घास कधी परतवला नाही. बाळच आहेत ते. घरात दुसरं बाळ येतंय म्हणून रुसतील? डबा आत जाईल. तुम्हाला चालत नसेल तर लालजींना घेऊन मी वरच्या खोलीत राहते. त्यांचं लोणी आणि माझा डबा कुठेही गेले तरी शेजारीच राहतील."

"लालजींना नेतेस? या घरातून?" फोई किंचाळली.

"वरच्या मजल्यावर, फोई. तुम्हाला दर्शनाला जिना चढावा लागेल एवढंच."

मंजरीबा उठल्या. त्यांनी फ्रिज उघडला, लोण्याची वाटी बोटभर सरकवली आणि अंग चोरून बाजूला झाल्या.

"मला शिवू नकोस, सोवळ्यात आहे मी," त्या म्हणाल्या. "आणि लवकर ठेव. लोणी वितळतंय त्यांचं."

जिगीषाने डबा ठेवला. वाटीमागे नव्हे, पुढे. दार उघडणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसेल असा.