हातभर अंतरावरचे साग

कारखान्यात मधूकाका नुसते खोकले तरी माणसं गप्प व्हायची, पण बेलवलीच्या घरात कुमुदिनीकाकूंपुढे त्यांची डाळ कधी शिजली नाही. जांभूळ गावाच्या वाटेवर घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर दोघांनी साग लावला. काका सांगून थकले, की बाई गं, विरळणी करावी लागते. मधली झाडं काढली तरच उरलेली जाड होतात. पण पालथ्या घड्यावर पाणी! कुऱ्हाड दिसली की काकू झाडाला पाठ लावून उभ्या. "लेकरं काय निवडून टाकतात का हो?" झालं! सगळीच राहिली आणि सगळीच काठ्यांसारखी वाढली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

आणि हट्ट बघा, याच सागाचा झोपाळा हवा! काकांनी उल्हासनगरच्या बाजारातून तयार झोपाळा आणला, तर टेम्पोवाल्याला चहा पाजून काकूंनी तो दारातूनच परत पाठवला. "तुम्ही निवृत्त व्हा, आपल्या झाडाची रुंद फळी काढा, मग दोघं बसू."

काका निवृत्त झाले. काकू मात्र थांबल्या नाहीत, गेल्या श्रावणात गेल्या. झोपाळ्यासाठी गॅलरीत ठोकलेल्या कड्या रिकाम्याच राहिल्या, आणि काका रोज चहाचा कप घेऊन त्यांच्याखाली उभे राहायचे. त्यांना कुमुद हवी होती, दुसरं काही नको होतं. पण ते मागणार कोणाकडे? निदान तिचा झोपाळा तरी व्हावा, एवढंच त्यांनी मनात धरलं.

फळी निघेल असा एकही बुंधा नव्हता. आता विरळणी केली तर पुढे एखादा भरेल, या आशेवर काकांनी तोडीची परवानगी काढली. माघ सरताना, पानं गळाल्यावर, राखणदार सदूला घेऊन ते चुना लावायला गेले. चुन्याचा पट्टा लागेल ते झाड पडणार. खुंट मात्र ठेवायचा, पावसात त्याला पुन्हा धुमारे फुटतात. प्रत्येक झाडाला "माफ कर" म्हणत काका पट्टे मारत गेले.

शेवटी बांधाजवळची जोडी आली. लग्नाच्या वाढदिवसाला लावलेली, हातभर अंतरावर. तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला होता, तर काकू म्हणाल्या, "नवराबायको काय मैलभर लांब उभे राहतात?" काकांचं झाड सरळसोट वाढलं होतं, तुकड्यातलं सगळ्यात जाड. काकूंचं वाकून बांधाबाहेर झुकलं होतं.

"काका, यात कसला इचार?" सदू म्हणाला. "वाकडा काढायचा. फळी दिली तर तुमचाच साग देईल. दुसरा कुठलाच नाय."

काकांना ते ठाऊक होतं. हा नियम त्यांनीच सदूला शिकवला होता. त्यांनी ब्रश चुन्यात बुडवला, काकूंच्या झाडावर हात ठेवला आणि वर पाहिलं. झाडाचा बाक बरोबर काकांच्या झाडाच्या फांद्यांखाली सुरू झाला होता. अरेरे! वाकडं कसलं, उजेड शोधत गेलं होतं ते बिचारं. काकांच्या शिफ्टप्रमाणे जेवणारी, त्यांच्या झोपेसाठी दुपारभर आपला रेडिओ बंद ठेवणारी कुमुद त्यांना आठवली, आणि एवढे करारी काका सदूसमोर ढसढसा रडले.

मग त्यांनी स्वतःच्या झाडाला चांगला जाड पट्टा मारला.

"अहो काका! आन् झोपाळा?"

"एकट्याला झोपाळा कशाला लागतो रे?" काकांनी डोळे पुसले. "माझं काढ, सदू. तिला जरा ऊन लागू दे."