चार बायांनी उचललेले पातेले

मी एक जुने पातेले आहे, पण मला साधेसुधे समजू नका. माझ्यात एका वेळी दीडशे माणसांचा भात शिजतो. लोहारा गावच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि मारेगावजवळच्या एका खेड्याने वर्गणी काढून मला लग्नकार्यांसाठी आणले. माझ्यातल्या वांग्याच्या भाजीचे नाव पार वणीपर्यंत पोचले होते. खरे सांगते, मला त्याचा गर्व होता.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले. लग्ने चार माणसांत उरकू लागली आणि मी ग्रामपंचायतीच्या खोलीत पालथे पडले. सरपंच किसनराव सभेत माझाच स्टूल करून बसत! मित्रांनो, ज्याने गाव जेवू घातले त्याच्यावर अशी पाळी यावी? मला फार वाईट वाटे.

२००२ सालची दिवाळी होऊन गेली होती. कापूस वेचाईच्या दिवसांत त्या खोलीत ग्रामसभा भरली. सरकारी शाळांतून मुलांना शिजवलेले जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने आदल्याच वर्षी दिला होता. आमच्या शाळेत मात्र अजून महिन्याकाठी कच्चा तांदूळच वाटत. मग दुपारी मुलांनी खायचे काय? म्हणून कापूस वेचणाऱ्या बाया त्यांना वावरातच नेत आणि शाळा ओस पडे.

मुख्याध्यापक नीळकंठ गुरुजी भले गृहस्थ, पण कागदाला फार भिणारे. ते म्हणाले, “आदेश आहे हो, पण वरून पत्र कुठं आलं? पत्राशिवाय चूल पेटवली अन् उद्या मलेच विचारलं तर?”

त्या बायांमधली हंसाबाई उभी राहिली. “गुरुजी, माही नयन चौथीत हाय. पंधरा दिवसांपासून माह्यासंग कापूस वेचून राह्यली. तिची शाळा सुटली, तर तुमचं पत्र तिले परत आणन का?”

मारेगावच्या कोर्टात वकिली करणाऱ्या कुंदाताईंना तिनेच बोलावले होते. त्यांनी संविधानाची प्रत उघडली. “कलम १४४. देशातल्या प्रत्येक अधिकाऱ्यानं सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करायचं. गुरुजी, यात तुम्हीही आले.”

किसनराव माझ्यावर बसूनच हसले. “एवढं मोठं कोर्ट हाय, तं कापसाचा भावही ठरवून घ्या ना बाई!”

“नाही काका. भाव ठरवणं, कायदे करणं हे निवडून दिलेल्यांचं काम. त्यांच्या खुर्चीत न्यायालय बसत नाही. पण माणसाचा जगण्याचा हक्क तुडवला, तर ते सरकारलाही हुकूम देतं. मात्र त्याच्याजवळ ना फौज, ना चूल. हुकूम दिल्लीचा, हात आपलेच.”

मग हंसाबाई म्हणाली, “सरपंच, उठा.”

“कायले?”

“पातेलं पाहिजे.”

आणि किसनराव उठले! चार बायांनी मला उचलले, राखेने घासले आणि वाजतगाजत शाळेत नेले. तांदूळ तिथे होताच, तुरीची डाळ घराघरातून आली. चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी रचली. सगळे गुरुजींकडे पाहू लागले. शेवटी त्यांनी स्वतःच काडी ओढली.

“शिजवा,” ते म्हणाले. “पत्र आलं की फायलीत लावू.”

दुसऱ्या दिवशी वावरातली सतरा मुले शाळेत परतली. नयन पंगतीत सर्वांत पुढे बसली होती आणि तिने तीनदा खिचडी मागून घेतली. माझ्या सबंध आयुष्यात असा मान मला कुठल्या लग्नातही मिळाला नव्हता. पंधरा दिवसांनी पत्र आले. तोवर मला बारा वेळा घासून झाले होते.

मित्रांनो, आता माझ्या अंगाला पोचे पडले आहेत, पण नयन शिक्षिका झाली आहे. म्हणून एवढेच मागते, मला पालथे ठेवू नका आणि आपल्या हक्कांनाही नका. सर्वांत मोठ्या न्यायालयाने सांगितले तरी पातेले आपल्या पायांनी चुलीवर चढत नाही. ते कुणीतरी उचलावे लागते, आणि त्याआधी त्यावर बसलेल्याला ‘उठा’ म्हणावे लागते.