पशुपतीची आण

परमेश्वर नावाच्या पोराला मारलं तेव्हा गहिनीनाथ उसाला पाणी देत होता. भरदुपार होती. फडाच्या कडेनं नदीकडं उतरणाऱ्या गाडरस्त्यावर जीप येऊन थांबली आणि चौघांनी त्या पोराला केसाला धरून खाली ओढलं. पुढं होता हनुमान, गावचे पुढारी मोहनराव ह्यांचा सख्खा पुतण्या. त्याच्या हातात लोखंडी पाइप होता. पहिला घाव नडगीवर बसला आणि वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. पोरगं खाली बसलं, मग आडवं झालं. त्यानंतर ते चौघं दमेपर्यंत मारत राहिले. मध्येच हनुमान थांबला, बाटलीतलं पाणी प्याला, तोंड पुसलं आणि परत पाइप उचलला.

पोराचा गुन्हा एवढाच, की नदीतली वाळू उपसून नेणारे मोहनरावांचे टिप्पर त्यानं मोबाईलवर टिपले आणि तहसीलला पाठवून दिले.

पडल्या पडल्या त्याला उसाच्या कडेला गहिनीनाथचं धोतर दिसलं. "आबा! आबा, सोडवा मला!" अशी दोनदा हाक आली. गहिनीनाथ दोन सऱ्या मागं सरकला आणि चिखलात खाली बसला. तिसऱ्यांदा काही हाक आली नाही. हनुमाननं मात्र मान वळवून उसाकडं बघितलं. परमेश्वर गावात फक्त गहिनीनाथलाच आबा म्हणतो, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेत टिप्परखाली सापडलं आणि कागदावर अपघात झाला. पोराची आई विमलबाई, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली बाई, चार दिवस गावभर फिरून विचारत होती, "कुणी बघितलं का हो?" ती गहिनीनाथच्या दारातही आली होती. तो म्हणाला, "म्या रानात नव्हतोच." त्याचा पोरगा तानाजी आणि सून कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेलेली, सात वर्षांची नात राजनंदिनी त्याच्या पदरात. भ्यायला कारण लागतं, ते त्याच्याकडं होतं. पण कारण असलं म्हणून भ्याडपणाला काय मखरात बसवायचं?

महिना उलटला नाही तोच मोहनरावांनी जाहीर केलं, गावातल्या साठ म्हाताऱ्याकोताऱ्यांना नेपाळ दाखवणार. मुक्तिनाथ, दक्षिणकाली, जनकपूर, पशुपतिनाथ. मागच्या साली ते केदारनाथ करून आले होते, आणि पशुपतीचं मुख बघितल्याशिवाय केदारची यात्रा पुरी होत नाही म्हणतात. निवडणूकही तोंडावर होती, ती गोष्ट वेगळी. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं पारावर सगळेच बोलले आणि दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन मोहनरावांच्या ओट्यावर सगळेच रांगेत उभे राहिले. गहिनीनाथनं नाव दिलं नव्हतं. तरी यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. राजनंदिनीला शेजारी ठेवून तो निघाला.

मुक्तिनाथाला एकशे आठ गोमुखांतून बर्फासारखं पाणी पडतं. त्याखालून गेलं की जन्माचं पाप जातं, असा समज. मोहनराव नुसत्या चड्डीवर सगळ्या धारांखालून धावत गेले आणि कुडकुडत हसत बाहेर आले. गहिनीनाथ अकराव्या धारेपाशीच थांबला. पाण्याचा आवाज होताच, आणि त्या आवाजात त्याला कुणीतरी आबा म्हणतंय असं वाटत होतं.

शनिवारी दक्षिणकालीला गेले. तिथं शनिवारी बकरी आणि कोंबड्यांची रांग लागते. फरशीवरून रक्त वाहत होतं आणि बायका आपापली पातळं वर धरून चालत होत्या. गळ्यात माळ घातलेला गहिनीनाथ तोंड फिरवून उभा राहिला. मागून एक हात आला आणि त्याची मानगूट पकडून तोंड परत समोर वळवलं.

"बघ की बे गहिन्या," मोहनराव कानाशी म्हणाले. "एका घावात मुंडकं. आमचा हनम्या लई घाव घालतो. अडाणी हाय."

बोकडाचं धड बराच वेळ पाय झाडत होतं. मोहनरावांनी ते पाय थांबेपर्यंत गहिनीनाथची मान सोडली नाही.

आणि मग पशुपतिनाथ. देवळाला लागून बागमती वाहते, आणि तिच्या घाटावर प्रेतं जळत असतात. समोर एक चिता अर्धी जळाली होती आणि एक माणूस बांबूनं कवटी आत ढकलत होता. बाकीची माणसं दर्शनाच्या रांगेत गेली तेव्हा मोहनरावांनी गहिनीनाथला पायऱ्या उतरून पाण्यापाशी नेलं.

"वंजळीत पाणी घे. म्हण, म्या काईच बघितलं न्हाई. बोललो तर माजी नात ह्या पशुपतीला."

"मालक, पोरीला कावून मदी आनता? माजी आन घ्या."

"तुजी काय करायची? तू सुटायचास. म्हण."

गहिनीनाथ म्हणाला. ओंजळीतलं पाणी त्यानं नदीत सोडलं. वर गाभाऱ्यात चार मुखांचा देव होता. साठातल्या एकोणसाठ जणांनी तो डोळे भरून बघितला. गहिनीनाथ फक्त उंबऱ्याच्या चांदीकडं बघून बाहेर आला.

यात्रा करून आलेला माणूस आमच्याकडं थेट घरात शिरत नाही. वेशीबाहेर मारुतीच्या देवळात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी मावंदं व्हायचं. यात्रेकरूंना पाटावर बसवतात, गाव येऊन परातीत त्यांचे पाय धुतं आणि ते पाणी तीर्थ म्हणून पितं. तेवढ्या दिवसापुरता माणूस देवाच्या जागी असतो. मोहनरावांनी मांडव टाकला होता, बुंदीच्या पाट्या भरल्या होत्या. म्हाळू हलगी वाजवत होता आणि त्याची काळीपिवळी जीप बाजूला लिंबाखाली उभी होती. दिंद्रुड, तेलगावपासून पाव्हणे आले होते.

विमलबाई आली तेव्हा हलगीचा ताल जरा चुकला. ती मोहनरावांकडं गेली नाही. सरळ गहिनीनाथच्या पाटापुढं परात ठेवून बसली. अख्ख्या साठात तिचा विश्वास ह्या एका माळकऱ्यावर होता, कारण तिचा पोरगा ह्यालाच आबा म्हणायचा.

"भाऊजी, तुमी पशुपतीला गेलतात. माज्या लेकाच्या नावानं तितं एखादं फूल घातलं का?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. कोयता धरून चिरलेल्या हातांनी ती पाय धुऊ लागली, बोटांच्या बेचक्यासुद्धा, लेकराचे धुवावेत तसे. मग दोन्ही हातांत ते पाणी घेतलं आणि तोंडाकडं नेलं.

गहिनीनाथला ते बघवलं नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं, त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. त्यानं तिचं मनगट पकडलं.

"पिऊ नगं."

"कावून?"

"म्या रानात व्हतो, विमलबाई. समदं बघितलं. हनुमान व्हता, लखन व्हता, बंकट व्हता, माऊली व्हता. पाइपानं मारला पोराला. टिप्पर मागून घातला."

हलगी थांबली. विमलबाईच्या हातातलं पाणी मांडीवर सांडलं.

"त्यानं तुला बघितलं व्हतं?"

"व्हय. हाक मारली त्यानं. आबा सोडवा म्हनला."

"आन तू?"

"म्या उसात बसलो."

तिनं परातीतला पितळी तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. एकदा नाही, तीनदा. भुवई फुटली, दोन दात जिभेवर आले. गहिनीनाथनं हात आडवा केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, हे बरोबर चाललंय.

"म्हाताऱ्याला थंडी बाधली रे! येडं झालंय, उचला त्याला," मोहनराव पाटावरून ओरडले.

बुंदी वाढायला उभा असलेला हनुमान बादली घेऊनच आला. ती भरली बादली त्यानं गहिनीनाथच्या डोक्यात घातली. बुंदी आणि रक्त एकमेकांत कालवून पाटावर पसरलं. मग लखननं मांडवाचा वासा उपसला. पहिल्या घावाला खांदा गेला, दुसऱ्याला मनगट. दर घावाला गहिनीनाथ ओरडायचा, पण वेदनेनं नाही, नावं घेऊन. "हनुमान! लखन! बंकट! माऊली!" तोंडात रक्त होतं तरी नावं स्वच्छ ऐकू येत होती. बरगड्या मोडल्यावर आवाज बारीक झाला, तरी चारही नावं तो ओळीनं घेत राहिला.

एकोणसाठ देव आपापल्या पाटावर बसून होते. कुणी पायाच्या अंगठ्याकडं बघत होतं, कुणी जपमाळ ओढत होतं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण मीठ एवढं महाग पडतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

लखननं डोक्यावर घालायला वासा उचलला आणि विमलबाई गहिनीनाथच्या अंगावर आडवी पडली. घाव तिच्या पाठीत बसला. ती गुरासारखी हंबरली, पण बाजूला झाली नाही.

"मारा! पर ह्याला मरू देनार न्हाई म्या! माज्या लेकाचं तोंड हाय हे!"

पहिली उठली ती बंकटची बायको शिवकन्या. आपल्या नवऱ्याचं नाव तिनं चार वेळा ऐकलं होतं. ती परात घेऊन मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या मागून आणखी दोघी आल्या, मग पंगतीतली माणसं. म्हाळूनं हलगी टाकली आणि लिंबाकडं धावला. मोहनरावांनी मांडवभर नजर फिरवली. इतक्या पाव्हण्यांसमोर आणखी एक अपघात करता येणार नव्हता.

"हनम्या, बास," ते म्हणाले.

म्हाळूनं जीप तेलगावच्या दवाखान्याकडं पळवली. मागच्या बाकावर विमलबाई होती आणि तिच्या मांडीवर गहिनीनाथचं डोकं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडातून फेसाळ रक्त यायचं.

"राजनंदिनी," तो पुटपुटला. "पशुपतीची आन मोडली म्या. पोरगी जाईल माजी."

"देव पोरीच्या नरड्याला लागंल व्हय? ते काम मानसांचं हाय. शिवकन्याला सांगून आले, पोर माज्या घरी न्हेईल ती. तितं कोन येतंय बघते."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं हात जोडायचा प्रयत्न केला, पण मोडलेलं मनगट वर येईना.

"ते जोडू नगं," विमलबाई म्हणाली. "म्या तुला माफ केलं न्हाई, कवाच करनार न्हाई. पर तू मरू नगंस. पोलिसाफुडं बोल, कोर्टात बोल, त्या चौघांच्या तोंडावर बोल. मंग तुला कुटं मरायचं तितं मर."

गहिनीनाथनं मान हलवली. तिनं पदराचा बोळा करून त्याच्या कपाळावरच्या जखमेवर दाबला, इतका की तो कळवळून ओरडला. तेलगाव येईपर्यंत तिनं तो हात सैल सोडला नाही.