पहिल्या चार वड्या

बेंगळुरूत बेळ्ळंदूरला आमच्या इमारतीत रविवारी सकाळी माझ्या हॉलमध्ये मुलांचा वर्ग भरतो. मी निपाणीच्या प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर मुलाकडे इथे आले, पण सवय सुटली नाही. समोरच्या धनलक्ष्मीच्या घरची मुलं मला अज्जी म्हणतात, म्हणून मराठी घरांतलीही अज्जीच म्हणायला लागली. फी नाही आणि परीक्षाही नाही, त्यामुळे पालकांना वर्गाबद्दल जरा शंका वाटते. पण पोरं तेवढा वेळ घराबाहेर राहतात म्हणून पाठवतात.

त्या रविवारी सातव्या मजल्यावरची कस्तुरी आली ती आईवडिलांना बरोबर घेऊन. कस्तुरी चौथीत आहे. मागच्या वर्षी पुण्याहून इथे आली तेव्हा वजाबाकी समोर ठेवली की तिच्या पोटात दुखायचं. आता ती हातचा न सांगता घेते आणि वर्गातल्या अवधूतची गणितं तपासून त्याला चिडवतेसुद्धा. मी तिला घरी वापरायला दिलेली मणिपाटी तिने दोन्ही हातांनी पुढे धरली.

"अज्जी, ही परत घ्या."

"का गं? मणी तुटले?"

"नाही. आम्ही गुरगावला चाललोय." एवढं बोलून ती खाली बघत राहिली.

"ॲक्च्युअली अजून फायनल नाहीये, आजी," तिचे वडील शुभंकर म्हणाले. "उद्या सकाळी राजीनामा देतोय. तिकडची ऑफर हातात आहे. ही कंपनी मला बाहेर काढायला बघतेय, त्याआधी मीच निघतो."

"असं कोणी सांगितलं तुला?" आसावरीने, त्याच्या बायकोने विचारलं. हा प्रश्न तिने घरी बऱ्याचदा विचारला असावा, कारण उत्तराची वाट न बघता ती मुलांच्या चपला सरळ करायला लागली.

"सांगत नसतात गं. पगार कापतात आणि माणसाला समजून घ्यायला लावतात."

सोफ्यावर पोरांची दप्तरं होती. म्हणून शुभंकर सतरंजीवर पोरांच्या रांगेत बसला आणि त्याने फोन माझ्या हातात दिला. जानेवारीच्या पगाराची चिठ्ठी होती. मूळ पगार जसाच्या तसा होता. कापला गेला होता तो आयकर, आणि तो डिसेंबरच्या मानाने इतका जास्त की हातात निम्म्याहून थोडाच जास्त पगार उरला होता.

"विचारलंस का कंपनीला?"

"विचारलं ना. ॲपवर खुशी म्हणून एक असिस्टंट आहे. तिला विचारलं, माझा टॅक्स अचानक का वाढला? ती म्हणाली, तुमचा आनंद आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. परत विचारलं. तिने मला पाच चांदण्यांपैकी किती द्याल असं विचारलं."

इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्याने प्रश्न टाकला होता. तिथे तासाभरात बरंच ज्ञान गोळा झालं. एकाने सांगितलं, नव्या पद्धतीत असंच असतं. दुसऱ्याने सांगितलं, नाही, जुन्या पद्धतीत असंच असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या यशोवर्धनने लिहिलं की कंपन्या वरिष्ठ लोकांना असंच हळूहळू घालवतात, त्याच्या मेव्हण्याला असंच घालवलं. हे मत शुभंकरला सगळ्यात पटलं, कारण त्यात तो वरिष्ठ ठरत होता.

"मला एक सांग," मी विचारलं, "ह्या कंपनीत कधी आलास?"

"ऑगस्टमध्ये. त्याआधी दुसरी होती, इथलीच."

"त्या जुन्या कंपनीचा शेवटचा पगार आठवतो?"

त्याचा चेहरा उजळला. "मस्त आला होता! त्या महिन्यात टॅक्स जवळजवळ कापलाच नाही त्यांनी. मला वाटलं, चला, जाताना तरी किंमत कळली आपली. त्यातून टीव्ही घेतला."

"भिंतीएवढा," आसावरी म्हणाली.

"आणि ऑगस्टपासून नव्या कंपनीत?"

"तिथेही टॅक्स कमीच जायचा. म्हणून तर वाटलं, ह्यांची अकाउंट्सची माणसं हुशार आहेत."

"तेव्हा खुशीला विचारलं नाहीस, कमी का कापला म्हणून?"

"तेव्हा कशाला विचारू, आजी?"

पोरं हसली. ती का हसली हे शुभंकरला कळलं नाही. मी उठून वड्यांचा डबा आणला. रथसप्तमी व्हायची होती, आणि तोपर्यंत मी तिळाच्या वड्यांचा डबा रिकामा होऊ देत नाही. धनलक्ष्मीनेही ह्या वर्षी माझ्याकडून शिकून वड्या केल्या होत्या. जरा कडक झाल्या होत्या, पण होत्या. आमची दोन्ही दारं समोरासमोर उघडी होती.

"आज नियम आहे," मी मुलांना सांगितलं. "प्रत्येकाला दिवसभरात ज्या वड्या मिळतील, त्यांतल्या पहिल्या चार त्याच्या. त्यांवर कोणाचा हक्क नाही. चारच्या पुढे मात्र दर दोन वड्यांतली एक ह्या स्टीलच्या डब्यात टाकायची. हा डबा सगळ्यांचा. कळलं?"

"सगळ्यांचा म्हणजे कोणाचा?" अवधूतने विचारलं. अवधूतचा स्वभाव तसा आहे.

"ते नंतर बघू. कस्तुरी, तू आठ घे."

कस्तुरीने आठ घेतल्या. चार बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या चारांतल्या दोन न सांगता डब्यात टाकल्या. तिच्याकडे सहा राहिल्या.

"अवधूत, तू माझ्याकडून चार घे, आणि समोर जाऊन धनलक्ष्मी अक्कांकडून चार घे."

अवधूत चार घेऊन पळाला. समोरून धनलक्ष्मीचा आवाज आला, "अज्जी, ह्याच्याकडून डब्यासाठी काही काढून घ्यायचं काय?"

"तुम्ही त्याला किती दिल्या?"

"चारच की!"

"मग पहिल्या चार त्याच्याच. काही घेऊ नका."

"सरी सरी, नाही घेत," धनलक्ष्मी म्हणाली.

अवधूत परत येऊन बसला आणि खायला लागला. कस्तुरी त्याच्याकडे बघत होती. मी काहीच बोलले नाही. वर्गात न बोलण्याची पाळी कधी येते हे ओळखायला मला नोकरीची निम्मी वर्षं लागली होती.

"अज्जी, हे चीटिंग आहे!" कस्तुरी शेवटी ओरडली. "त्यालाही आठ मिळाल्या आणि मलाही आठ. मी दोन टाकल्या. त्याने एकपण नाही!"

"दोन्ही घरी मी चारच घेतल्या," अवधूत तोंड भरून म्हणाला. "अज्जींनी काही चुकीचं केलं नाही, अक्कांनीपण नाही."

"पण नियम दिवसभराच्या वड्यांना आहे, घराला नाही! पहिल्या चार एकदाच सुटणार. तू दोनदा सोडवून घेतल्यास."

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"त्याच्याकडून दोन घ्यायच्या."

अवधूतच्या हातात दोनच वड्या उरल्या होत्या. सहा पोटात गेल्या होत्या. कस्तुरीने त्या दोन्ही काढून डब्यात टाकल्या. अवधूतने असा काही हंबरडा फोडला की धनलक्ष्मी दारात आली.

"माझ्या सगळ्याच घेतल्या! हिने माझ्यावर राग काढला!"

"सगळ्या कुठे?" कस्तुरी म्हणाली. "दोनच. तू आधीच्या खाऊन बसलास त्याला मी काय करू?"

मी शुभंकरकडे बघितलं. त्याच्या हातातही वडी होती, पण तोंडाकडे नेता नेता ती मध्येच थांबली होती.

"एक मिनिट," तो म्हणाला. "जुन्या कंपनीने शेवटच्या महिन्यात हिशेब केला तेव्हा त्यांनी धरलं की माझी वर्षाची कमाई तेवढीच, चार महिन्यांची. म्हणून कमी कापला."

"हं."

"आणि नव्या कंपनीने धरलं की माझी कमाई ऑगस्टपासूनच सुरू झाली. म्हणजे करमाफीची रक्कम, खालचे कमी दराचे टप्पे, सगळं मला दोनदा मिळालं?"

"मिळालं. आणि जानेवारी धरून वर्ष संपायला तीनच पगार होते. जी तूट आहे ती ह्या तिन्हींतूनच निघणार."

"पण मग जानेवारीतच त्यांना कसं कळलं? मी तर जुना पगार कुठेच सांगितला नव्हता. रुजू होताना तो रकाना मुद्दाम कोरा सोडला होता."

"मुद्दाम का?"

शहरातली माणसं निपाणीच्या माणसांकडे ज्या दयेने बघतात, तशा दयेने तो माझ्याकडे बघू लागला. "आजी, बेंगळुरूमध्ये नव्या कंपनीला जुना पगार कधी कळू द्यायचा नसतो. कळला तर त्यावर थोडीशी वाढ देतात आणि गप्प बसवतात. सगळेच लपवतात. लपवला म्हणून तर एवढी वाढ मिळाली मला."

"म्हणजे तू कंपनीपासून लपवलास, आणि कर कापायचं काम त्याच कंपनीचं."

"मी सांगितला," आसावरी म्हणाली.

"काय सांगितलास?"

"तुझा जुना पगार. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपण रिंग रोडवर अडकलो होतो, आठवतं? कंपनीच्या ॲपवर प्रश्न येत होते. तू म्हणालास, मी गाडी चालवतोय, तूच उत्तरं दे. ह्या वर्षी आणखी कुठे नोकरी केली का, असं विचारलं होतं. मी हो म्हटलं. किती मिळाले विचारलं, तेही भरलं. ट्रॅफिक इतका होता की सगळं नीट आठवून भरता आलं."

"आसावरी! खरं भरलंस?"

"खोटं भरायचं असतं हे तू सांगितलं नव्हतंस."

"भलं केलं तिने," मी म्हटलं. "नाहीतर जुलैमध्ये रिटर्न भरताना सगळी रक्कम एकदम समोर आली असती, वर व्याज. सरकारकडे दोन्ही घरांच्या वड्या तुझ्या एकाच पॅनवर मांडलेल्या असतात."

तेवढ्यात आसावरीला काहीतरी आठवलं आणि तिला हसू आवरेना.

"आजी, हा ऑफिसात काय काम करतो ठाऊक आहे? ऑनलाइन दुकानात पहिल्या खरेदीवर सूट असते ना? काही लोक दोन खाती उघडून ती सूट दोनदा घेतात. त्या लोकांना पकडायचा प्रोग्राम ह्याने लिहिलाय. त्याबद्दल ह्याला ट्रॉफी मिळाली. टीव्हीच्या बाजूलाच ठेवलीय."

"ते वेगळं आहे," शुभंकर म्हणाला. "ते लोक मुद्दाम करतात."

"बाबा, तुम्ही पण रकाना मुद्दामच कोरा सोडला होता," कस्तुरी म्हणाली.

ह्यावर त्याने वडी तोंडात टाकली. ती धनलक्ष्मीची निघाली, त्यामुळे बराच वेळ त्याला बोलता आलं नाही. त्या वेळात तो विचार करत असावा. गिळून झाल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "आजी, समजा मी गुरगावची कंपनी धरली. तिथेही जुनं काही सांगितलं नाही. मग?"

"मग तिसरं घरही तुला पहिल्या चार सोडेल."

"आणि नंतर?"

"नंतर अवधूतला विचार."

अवधूतने डोळे पुसत मान हलवली.

"म्हणजे गुरगावला गेलो तरी हे माझ्या मागे येणार?"

"तू जाशील तिथे येणार. ही तूट कंपनीची नाही रे, तुझी आहे. एप्रिलमध्ये नवं वर्ष लागलं की पगार आपोआप जागेवर येईल."

"मग कंपनी मला काढत नाहीये?"

"त्याबद्दल खुशीला विचार."

आसावरी इतके दिवस त्याला पोरीच्या शाळेबद्दल सांगत होती, तिला इथे मैत्रिणी मिळाल्याचं सांगत होती, गणित सुटायला लागल्याचं सांगत होती. त्याचा त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता. आता तो हिशेब करून म्हणाला, "मग उगाच सामान कशाला हलवायचं? शिवाय तिकडे थंडी फार असते." आणि त्याने तिथल्या तिथे गुरगावच्या माणसाला नकार कळवला.

मग तो व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायला बसला. मी नंतर ते वाचलं. सुरुवात अशी होती: मित्रांनो, लॉजिक अगदी सोपं आहे, थोडा विचार केला तर कोणाच्याही लक्षात येईल. पुढे चार वड्यांचे चार लाडू झाले होते. अज्जी, अवधूत आणि कस्तुरी कुठेच नव्हते. यशोवर्धनने त्याला नमस्काराचे हात पाठवले होते.

"अज्जी," अवधूत स्टीलच्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाला, "आता ह्या वड्यांचं काय होणार?"

"त्या सगळ्यांच्या कामाला येणार. रस्ते, दवाखाने, शाळा."

"मग आपल्या गेटसमोरचा खड्डा कधी बुजणार?"

इतकी वर्षं शिकवूनही काही प्रश्नांची उत्तरं मला येत नाहीत, आणि मुलांना तसं स्पष्ट सांगायची मला सवय आहे. "ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं. मग तो डबा आम्ही खाली गेटवरच्या वॉचमनकडे पाठवला, कारण खड्ड्याजवळ दिवसभर तोच बसतो.

मुलं निघाली. आसावरीने कस्तुरीला चपला घालायला हाक मारली. कस्तुरीने आल्या आल्या ठेवलेली मणिपाटी अजून दाराजवळच्या स्टुलावर होती. कस्तुरीने माझ्याकडे बघितलं नाही, काही विचारलंही नाही. जाता जाता तिने ती उचलून काखेत घेतली आणि अवधूतच्या मागे जिना उतरायला लागली.