बडीशेपेची नानकटाई

गफूरभाईंनी लांब दांड्यानं भट्टीतून पत्रा ओढला, नानकटाया जरा निवू दिल्या, झाकणावर मोर रंगवलेल्या एका डब्यात रचल्या आणि तो डबा कुसुमच्या हातात दिला.

"हा आमचा न्हाई," कुसुम म्हणाली. "आमचा पितळी हाय, कडीचा."

"वालूरच्या चतुराबाईंची लेक ना तू? मग हाच ने. मी चुकायलो न्हाई."

आणि ते पुढच्या पत्र्याकडे वळले. दिवाळी तोंडावर आलेली. सेलूच्या त्या भट्टीवर गावोगावच्या बायका घरी मळलेलं पीठ भाजून न्यायला जमलेल्या, आणि प्रत्येकीला आपलंच आधी हवं. अशा गर्दीत म्हाताऱ्या माणसाशी वाद कोण घालणार? बाहेर वालूरची एस.टी. सुटायला आली होती. कुणाचा तरी डबा कुणाच्या तरी घरी जाणार, माय चार शिव्या हासडणार आणि शेवटी सगळे गोड मानून खाणार, असं मनाशी म्हणत कुसुमनं पदर खोचला आणि गाडी गाठली.

दरवर्षी भट्टीवर चतुराबाई स्वतः जायची, आणि एकटीच जायची. कुसुमला भाऊ नव्हता, त्यामुळं भाऊबीजेला माहेरी यायचं कारण नसे. ती यायची पंचमीला. यंदा मायचे गुडघे धरले म्हणून निरोप आला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती दिवाळीला वालूरला आली.

डबा मांडीवर गरम लागत होता. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. लोकाची वस्तू खरी, पण एक खाल्ली तर झाकणावरचा मोर काही उडून जाणार नव्हता. तिनं डबा उघडला, एक नानकटाई मोडली आणि तुकडा तोंडात टाकला.

दाताखाली बडीशेप आली.

कुसुमचा जबडा जागच्या जागी थांबला.

नानकटाईत कुणी वेलदोडा घालतं, कुणी जायफळ. बडीशेप भाजून, अर्धवट कुटून घालणारी बाई तिनं जन्मात एकच पाहिली होती, ती म्हणजे तिची पाठची बहीण मनकर्णा. सेलूला भट्टी व्हायच्या आधी माय घरीच पातेल्यात वाळू घालून, झाकणावर निखारे ठेवून नानकटाई भाजायची. माय निखारे आणायला वळली की मनकर्णा पिठात बडीशेप लोटून मोकळी. "नानकटाई करायलीस का पानसुपारी?" म्हणत माय तिच्या पाठीत धपाटा घालायची आणि भाजून झाल्यावर पहिली त्यातलीच उचलायची.

पण मनकर्णा तर मेली होती. नामांतराच्या दंगलीच्या साली, मामाच्या गावी, हगवणीनं. तिकडंच सगळं उरकलं असं सांगितलं गेलं. कुसुम सासरहून पोचली ती थेट दहाव्याला. पिंडाला कावळा काही केल्या शिवेना. दुपार टळली, भटजी कंटाळले, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. पोरीचा जीव कशात तरी अडकलाय, असं बाया म्हणाल्या होत्या. त्याच सुमाराला शाळेतला एक तरुण मास्तर, बौद्धवाड्यातला, गाव सोडून गेला होता. पण मराठवाडाभर वस्त्या पेटत होत्या त्या दिवसांत. एक मास्तर कुठं गेला हे विचारायला कुणाला सवड होती?

तिनं दुसरी नानकटाई खिडकीच्या उजेडात धरली. माय प्रत्येक नानकटाईवर अंगठ्याच्या नखानं चंद्रकोर उठवायची. इथंही चंद्रकोर होती, पण उलट्या बाजूला वळलेली. डाव्या हाताची. मनकर्णा डावखुरी होती.

"काय झालं ओ? मळमळायलंय का?" शेजारच्या बाईनं विचारलं.

कुसुमनं नुसती मान हलवली. जिवंत आहे. सेलूत आहे. पुढं काही सुचतच नव्हतं. गाव आलं तरी तिला एकच भीती, हे मायला सांगायचं कसं? ऐकून म्हातारीचे प्राणच जायचे.

चतुराबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. कुसुमनं डबा पुढ्यात ठेवला. म्हातारीनं मोराच्या झाकणावरून एकदा तळवा फिरवला, झाकण काढलं, एक नानकटाई उचलून चाखली.

"यंदा बी बडीशेप जास्तच. दरसाली सांगते, ऐकतच न्हाई."

कुसुम तिच्यासमोर बसली.

"तुला ठाऊक होतं?"

चतुराबाईनं उरलेला तुकडा तोंडात टाकला.

"जित्ती हाय ती? माय, इतकी वर्सं रडले मी. पोरगी झाली तवा तिचं नाव ठेवलं पोरीला. तू बसली होतीस की बारशाला!" कुसुम मध्येच थांबली. नातीला आजीनं आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती. चिमणे म्हणायची, बाई म्हणायची. "म्हणून व्हय?"

"मास्तराबरोबर गेली तवा तुझ्या आबानं देवापुढं बेलभंडार उचलायला लावला मला," चतुराबाई हलक्या आवाजात म्हणाली. "तिचं नाव ह्या तोंडातून निघायचं न्हाई म्हणून. न्हाई निघालं. भट्टीवर पत्रा निघंस्तोवर दोघी बसतो, तवा बी नाव घेत न्हाई. माझा डबा ती नेते, तिचा मी आणते. आज तुला बघून आडोशाला झाली असंल."

"मग आज मला कामून धाडलंस?"

"बेलभंडार मी उचललाय," म्हातारी म्हणाली. "तू न्हाई."

तेवढ्यात ओसरीवरून आबांची, व्यंकटरावांची हाक आली, "आली का नानकटाई? आना की चहाबरोबर."

चतुराबाईनं ताटलीत दोन ठेवल्या आणि ताटली कुसुमकडे सरकवली. कुसुमला मायचा संताप आला होता, तिला मिठी मारावीशीही वाटत होती, आणि बापासमोर तर तिनं जन्मात कधी वर मान करून शब्द काढला नव्हता. ती ताटली घेऊन उठली.

व्यंकटरावांनी नानकटाई चहात बुडवली, अर्धी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मास्तराच्या घरच्या पाण्याचा थेंबसुद्धा त्यांनी घशाखाली उतरू दिला नसता.

"तुझ्या मायच्या हाताला तोड न्हाई," ते म्हणाले.

"मायच्या हातची न्हाई ती, आबा." कुसुम म्हणाली. "मनकर्णानं केल्यात. आपल्या मनकर्णानं."

व्यंकटरावांचे डोळे उघडले. कोण मनकर्णा, असं त्यांनी विचारलं नाही. ती मेली, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आत भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. घास तोंडात तसाच होता आणि थुंकायचं तर अंगण पुढ्यातच होतं. शेवटी त्यांनी तो गिळला.

"दरसाली?" त्यांनी विचारलं.

"दरसाली."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. हातातली उरलेली अर्धी नानकटाई ताटलीत परत ठेवायला त्यांनी हात खाली नेला, पण ठेवली नाही.